कालाहारी व्हाया गोवंडी

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. वाळवंटात जाणाऱ्या माणसाने ती ठेवायलाच हवी. चौदा तारखेला निघायचं. कालाहारी. बुशमन लोकांना त्यांच्या घरी जाऊन भेटणारा मुलुंड पूर्वेचा पहिला माणूस मी असणार. आमचा सेक्रेटरी मार्तंड म्हणाला, निदान आपल्या बिल्डिंगमधून तरी कोणी गेलेलं नाही.
नलिनीला सांगितलं, आता दोन आठवडे एकटीने काढायचे आहेत. ती नुसतं 'बरं' म्हणाली. धक्का बसला असणार. लग्नापासून बाई माझ्या देखरेखीशिवाय राहिलेली नाही.

४ नोव्हेंबर
नलिनीसाठी सूचना लिहून भिंतींवर चिकटवल्या. गीझर कधी बंद करायचा, दूध किती घ्यायचं, टीव्हीचा आवाज कितीवर, माझ्या खुर्चीची गादी कोणत्या बाजूने झटकायची. मी असताना तोंडी सांगत होतो, नसताना लेखी हवं.
उलट तिनेच मला विचारलं, पासपोर्टची तारीख नीट बघितलीत का. हसू आलं. अख्खी नोकरी लोकांचे कागद तपासण्यात गेली. एका सहीसाठी माणसं परत पाठवली. पासपोर्ट मार्चपर्यंत चालू आहे. विषय संपला.

७ नोव्हेंबर
अभ्यास चालू. बुशमनांची एक रानटी पद्धत वाचली. कोणी मोठी शिकार करून आला की सगळे मिळून त्याची टर उडवतात. हे काय आणलंस, नुसती हाडं, असं म्हणतात. का, तर त्याच्या डोक्यात हवा जाऊ नये.
वाईट वाटलं. त्यांना कौतुक करायला कोणी शिकवलेलंच नाही. मी शाल-श्रीफळाची पद्धत समजावून सांगेन. दोन शाली बरोबर घ्यायच्या.

९ नोव्हेंबर, रविवार
गच्चीवर सत्कार झाला. खरं तर परत आल्यावर व्हायचा होता, पण पुढच्या महिन्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग आहे, म्हणून मार्तंड म्हणाला, आत्ताच उरकून घेऊ. शाल, नारळ, मोमेंटो. मोमेंटोवर 'कालाहारी मोहीम यशस्वी केल्याबद्दल'. तिसऱ्या मजल्यावरचा धवल म्हणाला, "अंकल, आधी जाऊन तर या!" या पिढीला दुसऱ्याचं कौतुक बघवत नाही.
मी पाऊण तास बोललो. शेवटी गर्दी नव्हती, पण दर्दी होते. नलिनी मध्येच कुकर लावायला खाली गेली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी
निघालो. नलिनीने ओवाळलं, हातावर दही ठेवलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. आतल्या आत गिळलं असणार. गेटपाशी मार्तंडने नारळ फोडला, पाचव्या फटक्याला फुटला.

त्याच दिवशी, दुपारी
एअरपोर्टच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, पासपोर्ट अजून सहा महिने चालू हवा. मी म्हटलं, मार्चपर्यंत आहे. तिने बोटांवर मोजून दाखवलं. मग म्हणाली, "सॉरी सर. नेक्स्ट." हे 'नेक्स्ट' मीही खूप जणांना म्हटलं आहे, पण माझ्या आवाजात माणुसकी असायची.
नियम मूर्ख आहे. घरी जाणं शक्य नाही. शाल घेऊन झाली आहे, आणि अंगावर घेतलेली शाल परत करायची आपल्यात पद्धत नाही. शिवाय नलिनी काही बोलणार नाही. ती नुसती बघेल. ते नको.
निर्णय घेतला. थोरला भाऊ नाना गोवंडीला राहतो. बऱ्याच वर्षांत तिकडे जायला सवड मिळाली नव्हती. मुलुंडचं कोणी तिथे फिरकत नाही. परतीच्या तारखेपर्यंत तळ तिथेच.

त्याच दिवशी, संध्याकाळी
नानाने दार उघडलं. मी हॅटमध्ये, पाठीवर सॅक. तो म्हणाला, "इलंस? बरा केलंस. जेवलंस काय?" बस्स, एवढंच. सगळं सांगितल्यावर शकुवहिनी तोंडाला पदर लावून मोरीकडे गेल्या. खोकला असावा, इथली हवा वाईट.
एकच खोली. नाना, वहिनी, त्यांची मुलगी मानसी आणि आता मी. मुलुंडला कळता कामा नये, अशी सगळ्यांना ताकीद दिली. मानसी म्हणाली, "डोन्ट वरी काका. पण बुशमन नका ना म्हणू, सान म्हणतात त्यांना." असेल.

१६ नोव्हेंबर
बीपीच्या गोळ्या घरी राहिल्या होत्या. आज उशाशी पाकीट सापडलं. कंपनी माझीच. शिवाय गोळ्या अर्ध्या-अर्ध्या कापलेल्या, मी घेतो तशा. नानाने आणल्या असणार. इतक्या वर्षांनीही त्याला माझी एवढी माहिती आहे! भरून आलं.

१८ नोव्हेंबर
देवनारला एका बांधकामावर रेतीचा छान ढीग हेरून ठेवला होता. हॅट घालून चढलो, मानसीने फोटो काढला. बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला, 'कालाहारी. अथांग.' धवलने विचारलं, मागे कावळे कसे? मी उत्तर दिलं, कावळे जगभर असतात. वॉचमनने दंडाला धरून खाली उतरवलं. त्याच्याशी संयमाने वागलो.
नानाला सांगितलं तर म्हणतो, "पाटीभर रेती तरी घेवन येवची होती रे. मोरीची लादी बसवची आसा." वहिनी आणि मानसी कितीतरी वेळ हसत होत्या. नाना मला 'आमचो शिकारी' म्हणतो. थोरला आहे, सोडून दिलं.

२० नोव्हेंबर
वाळवंटातून आलेला माणूस रापलेला हवा. चाळीच्या गच्चीवर रोज ऊन घेतो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, बसताच आहात तर तांदूळ वाळत घालते, कावळे हाकला." हाकले.

२१ नोव्हेंबर
नलिनीने ग्रुपवर आमच्या हॉलचा फोटो टाकला. डायनिंग टेबलावर कॅरम, भोवती चार-पाच बायका. माझी खुर्ची गॅलरीत, तिच्यावर तुळशीची आणि मोगऱ्याची कुंडी. भिंतीवरच्या सूचना दिसत नाहीत. नलिनी हसते आहे, तोंड उघडून. असं हसताना तिला मी शेवटचं कधी बघितलं, आठवेना.
अर्थ उघड आहे. माझी उणीव भासू नये म्हणून घर माणसांनी भरून घेतलं आहे. बायका अशाच दुःख लपवतात.
फोटो पुन्हा बघितला. मोठा करून बघितला.

२३ नोव्हेंबर, रविवार
बाजारात जाऊन स्वतः पारखून बांगडे आणले. वहिनी म्हणाल्या, "हे काय आणलंत भावजी, नुसते काटे!" नाना म्हणाला, "मांजराक घाल." मग चौघांनी मिळून एकही ठेवला नाही. जेवताना मलाही हसू आवरेना. नंतर लक्षात आलं, हसत होते ते मलाच. यांना कौतुक म्हणून करता येत नाही.

२५ नोव्हेंबर
उद्या परत. रंग बऱ्यापैकी रापला आहे. गच्चीवरचं भाषण तयार. खुर्चीबद्दल नलिनीला काही बोलायचं नाही, असं ठरवलं आहे. फार तर एकदाच बोलायचं. मी घरी पोचल्यावर ती रडेल, तेव्हा तिला समजावताना तर विषय काढणं बरं दिसणार नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार
सकाळी नलिनीला फोन केला. म्हटलं, जोहान्सबर्गच्या एअरपोर्टवर आहे, संध्याकाळपर्यंत पोचतो. ती म्हणाली, "अहो, मागे शकुवहिनींचा कुकर वाजतोय."
तिला पहिल्या संध्याकाळपासून माहीत होतं. वहिनींनीच फोन केला होता. गोळ्या तिने कापल्या, मानसी जाऊन घेऊन आली. बिल्डिंगमध्ये तिने कोणाला काही कळू दिलं नाही. धवलला कावळ्यांवरून गप्प बसवलं तेही तिनेच.
मी म्हटलं, मग येतो तासाभरात. ती म्हणाली, "राग मानू नका. पण सकाळी उठल्यावर आज आपलं काय चुकणार, ही भीती वाटत नाही हो आता. अजून थोडे दिवस राहा ना तिथे. बिल्डिंगमध्ये मी सांगते काहीतरी." आवाज चढवला नाही. माझ्याकडे ती कधी काही मागत नाही. मी बरं म्हटलं.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इथे दुसरं काही लिहायला सुचत नाही.
भरलेली सॅक पुन्हा उघडली. बुशमनांसाठी घेतलेल्या शाली तशाच होत्या. वहिनींनी त्या फळीवर ठेवल्या.
दुपारी जेवायला बसलो. नाना समोर होता. मी वाट बघत होतो, आता रेतीवरून बोलेल, शिकारी म्हणेल. त्याने आपल्या ताटातला बांगड्याचा मधला तुकडा माझ्या ताटात ठेवला आणि खाली मान घालून जेवू लागला. आज माझी चेष्टा कोणी केली नाही.