पुढच्या खोलीतली वहिवाट

दादा, काच वाजवू नकोस. शुद्धीवर आहेस का, असं तू अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलंस, तर त्याचं उत्तर आधी लिहिते: आहे. तुला बाहेर वकीलबाईंनी बसवलंय, मी नाही. भावाच्या दबावाखाली लिहिलं, असं उद्या कुणी म्हणायला नको. दबाव कसला, तू बाकड्यावर बसून पाय हलवतोयस तेवढाच.

तर मी, कवळ्या करणारी, तुझी धाकटी आणि धाकट्याची थोरली बहीण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं, राजीखुशीनं, पूर्ण भानावर असताना लिहिते आहे. कुठली नशा केलेली नाही. सकाळपासून पाणीसुद्धा प्यायले नाही, कारण इथून थेट दवाखान्यात भरती व्हायचंय आणि पोट रिकामं ठेवायला सांगितलंय. फुप्फुसाचा एक तुकडा काढणार आहेत. प्लॅस्टरची धूळ आयुष्यभर आत ओढली, ती तिथं जाऊन बसली. डॉक्टर म्हणाले, किरकोळ आहे. कुणासाठी किरकोळ, ते मी विचारलं नाही. त्यांनीच विचारलं, भीती वाटते का? म्हटलं, बघून सांगते. अजून बघतेय. आत हात घालावा आणि हाताला काहीच लागू नये, तसं आहे.

यापूर्वी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. यापुढे करीन की नाही ते कळेलच.

कलम एक. जंगम, म्हणजे उचलून नेता येईल ते.

फळीवर ठेवलेले प्लॅस्टरचे जबडे ज्यांचे त्यांना द्यावेत. प्रत्येकाच्या खाली पेन्सिलीनं लिहिलंय: पोस्टातला हसरा, तिसऱ्या मजल्याची आजी, शिट्टी वाजवणारा मास्तर. कुणी न्यायला आलं नाही तर हातोडीनं फोडावेत. मोरीत टाकू नयेत, प्लॅस्टर नळीत घट्ट बसतं आणि मग फरशी उखडावी लागते. शिट्टीवाल्या मास्तरचा जबडा मात्र फोडू नये. त्याला नवीन दातांनी शिट्टी येईना म्हणून मी पुढचे दोन दात पुन्हा बसवले होते. माझं त्याहून बरं काम नाही.

मेणाच्या सुऱ्या, स्पिरिटचा दिवा आणि पॉलिशचं मशीन नदीपलीकडच्या कवळीवाल्याला. तो माझ्या कामाला नावं ठेवतो. ठेवू दे, त्याच्या मशीनचा पट्टा सारखा निसटतो हे मला ठाऊक आहे.

दातांच्या डॉक्टरांना, म्हणजे ज्यांच्यासाठी मी उभा जन्म काम केलं त्यांना, काचेच्या पेटीतली नमुन्याची कवळी. पेशंट आरशात बघून खूश झाला की ते म्हणायचे, "मी स्वतः लक्ष घालून केलीय." आणि टोचली की म्हणायचे, "कारागिराला सांगतो." या कवळीच्या आतल्या बाजूला, टाळूला लागते तिथं, मी माझी सही कोरलेली आहे. ती त्यांनी टेबलावर ठेवावी. उलटी ठेवावी.

दादा, तुला तुझी बाटली परत. बाहेरून रेघा मारलेली, कुठल्या वेळेपर्यंत किती पाणी प्यायचं ते सांगणारी. सोबत तू दिलेली भिंतीवरची पाटीसुद्धा, जिच्यावर रोज तीन उद्दिष्टं लिहायची होती. मी एकदाच लिहिली. "वरचे दात. खालचे दात. झोप." तू म्हणालास, ही उद्दिष्टं नव्हेत. मी म्हटलं, माझ्याकडे एवढीच आहेत.

कलम दोन.

राहतं घर, पुढची खोली, मधलं स्वयंपाकघर आणि मागची खोली धरून, माझ्या मृत्यूनंतर माझ्या भाच्याला, म्हणजे दादाच्या मुलाला, मिळावं. माझ्या भावजयीला, म्हणजे मागच्या खोलीत राहणाऱ्या धाकट्याच्या बायकोला, तिच्या हयातीपर्यंत मागच्या खोलीत राहण्याचा आणि पुढच्या दोन्ही खोल्यांमधून ये-जा करण्याचा वहिवाटीचा हक्क राहावा.

हे कलम मी खोडते आहे. एकच रेघ मारलीय, म्हणजे खालचं वाचता येईल. का खोडलं ते कलम तीनमध्ये आहे. वकीलबाई म्हणतात, खोडलेलं ठेवू नका, स्वच्छ कागद घ्या. म्हटलं, राहू दे, दादाला आधी हेच वाचायचं असणार.

कलम तीन. कारण.

कारण लिहिणं सक्तीचं नाही, पण लिहिलं तर पुढे भांडणात बरं पडतं, असं वकीलबाई म्हणतात. आणि तू भांडणार आहेस. मी गेल्यावर तिच्याशी भांडण्यापेक्षा आत्ताच काय ते माझ्याशी भांड. फक्त मला वेळ नाही.

घर माझ्या कमाईचं आहे. वडिलांकडून आलेलं नाही, म्हणून कुणाची वाटणी नाही. धाकटा लग्न करून आला तेव्हा मागची खोली त्या दोघांना दिली. त्या खोलीला बाहेरचं दार नाही. पलीकडच्यानं भिंत चढवली आणि ते गेलं. तेव्हापासून मागच्याला रस्त्यावर यायचं तर माझं स्वयंपाकघर आणि माझी कामाची खोली ओलांडूनच.

मग धाकटा गेला. बस डेपोच्या पायऱ्यांवर दम लागला म्हणून टेकला, तो टेकलाच. मी त्या दिवशी हातातलं काम पुरं केलं. लोक म्हणाले, काय घट्ट आहे बाई. घट्ट नव्हते. हात करत होते, मी तिथं नव्हतेच. नंतर हातही थांबले. मी पुढच्या खोलीतल्या खाटेवर पडून राहायची. दुःख वगैरे नाही. दुःख असतं तर निदान रडले असते. भिंत दिसायची, तिच्यापलीकडे काही नाही.

तेव्हा दादा, तू आलास. आलास, हे मी नाकारत नाही. खुर्ची ओढून बसलास आणि म्हणालास, "हे बघ, आयुष्याला शिस्त लागते. पहाटे उठायचं, गार पाण्यानं तोंड धुवायचं, मन आपोआप शांत होतं. माझंच बघ."

तुझंच बघत होते. वहिनी गेल्यापासून तू फोनमध्ये कसलंसं ॲप घेतलंयस, ते सकाळी गजर वाजवतं, आणि तू उठलास की आतली बाई म्हणते, "शाब्बास." तू मला ऐकवलंस. पुन्हा ऐकवलंस.

"आणि नाही उठलास तर?" मी विचारलं.

"तर काही म्हणत नाही," तू म्हणालास आणि फोन खिशात टाकलास.

तुझ्या सवयी चांगल्या आहेत. त्या मला लागल्या नाहीत, एवढंच.

मला लागल्या त्या अशा. भावजय बस चालवते, सकाळची पहिली फेरी तिची. अंधार असतानाच गणवेश घालून, किल्ल्या हातात घेऊन, ती माझ्या खाटेजवळून दाराकडे जायची. एकदा जाता जाता थांबली.

"ताई, या धुळीत श्वास तरी कसा घेता तुम्ही?" म्हणाली आणि खिडकी सताड उघडून निघून गेली.

वाऱ्यानं सुकत ठेवलेल्या साच्यांवर रस्त्यावरचा कचरा येऊन बसायला लागला. मला उठून खिडकी लावावी लागली. चरफडत उठले. उठलेच होते म्हणून पाणी ठेवलं. पाणी उकळलं म्हणून चहा केला. चहाचा कप टेबलावर ठेवायला जागा हवी म्हणून सुऱ्या बाजूला केल्या, आणि बाजूला करता करता एक हातात राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिनं उघडायची, मी लावायची, पाणी, चहा, सुरी. कुणी काही ठरवलं नव्हतं. पाटी नाही, रेघा नाहीत, शाब्बास नाही. मला वाटायचं, मी रोज तिच्यावर चिडून उठते.

एकदा तिला म्हटलंही, "कशाला उघडतेस गं रोज?"

"मग लावत जाऊ नका, वन्सं." रागावली की ती वन्सं म्हणते, एरवी ताई.

मग तिच्या सुट्टीचे दिवस. सुट्टीच्या दिवशीही ती गणवेश घालून, किल्ल्या वाजवत माझ्या अंगावरून गेल्यासारखी जायची आणि खिडकी उघडायची. मी समजायची, जादा फेरी असेल. एका सुट्टीला मी खिडकी लावायला गेले, आणि लावण्याआधी बाहेर बघितलं. ती कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून संत्रं सोलत होती. गणवेशात. फोडी मोजून-मापून, सावकाश खात होती, कुठं जायचं नसलेल्या माणसासारखी. मी खिडकी लावली. पाणी ठेवलं. ती थोड्या वेळानं परत आली तेव्हा मी पाठ करून मेण कापत होते.

"लवकर आलीस?"

"हो, फेरी रद्द झाली."

"बरं."

एवढंच. त्यानंतरही तिच्या कितीतरी फेऱ्या रद्द झाल्या. मी कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. माझं काम परत सुरू झालं, रात्री झोप लागते. मी शांत आहे असं लोक म्हणतात. असेनही. आतून बघितलं तर अजून बरंचसं बधिरच आहे. पण बधिर माणूससुद्धा वेळेवर उठून नीट दात बसवू शकतो, हे मी करून पाहिलंय.

आता कलम दोन का खोडलं. मागच्या महिन्यात तू घराचा नकाशा घेऊन आलास, पेन्सिलीची रेघ मारून. पुढच्या खोलीत भाच्याचं मोबाइलचं दुकान.

"आणि ती?" मी विचारलं.

"गिऱ्हाईक उभं असताना दुकानातून बाईमाणसाची ये-जा कशी चालेल? तिला कुठंतरी बघून देऊ खोली. अगं, धाकटा गेला, आता ती आपली कोण?"

आपली कोण, याला मला एका शब्दात उत्तर देता येईना.

तो शब्द आज वकीलबाईंनी दिला. मी त्यांना म्हटलं होतं, माझ्या रोजच्या सवयी कुणाच्या तरी नावावर करायच्यात. त्या हसल्या. म्हणाल्या, "सवयी नावावर होत नाहीत. पण एखाद्या वाटेनं कुणी वर्षानुवर्षं रोज जात असेल तर तिला वहिवाट म्हणतात, आणि ती लिहिता येते." म्हणून मी कलम दोन लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांनी वाचलं, चष्मा काढला.

"हक्क कागदावर राहील हो. कडी दारावर असते. ती कोणाच्या हातात देताय?"

मी डोळ्यांसमोर आणून बघितलं. पहाटे भावजय भाच्याच्या दुकानाचं आतलं दार ठोठावतेय, आणि भाचा शटर उघडायला येत नाहीये. तिची पहिली फेरी चुकतेय. एक दिवस चुकेल, दुसऱ्या दिवशी चुकेल. मग ती स्वतःच खोली बघेल. तुम्हाला तिला जा म्हणावंही लागणार नाही. मला राग आला नाही. फक्त कळलं, आणि मी रेघ मारली.

कलम चार. स्थावर. हेच खरं समजावं.

वर लिहिलेलं संपूर्ण घर, पुढची खोली, स्वयंपाकघर, मागची खोली, सगळ्या दारांच्या सगळ्या कड्यांसह, माझ्या मृत्यूनंतर माझ्या भावजयीच्या एकटीच्या मालकीचं होईल. तिनं ते विकावं, भाड्यानं द्यावं, नाही तर भिंत फोडून मागच्या खोलीला बाहेरचं दार काढावं. तिनं पुन्हा लग्न केलं तरी यात फरक पडणार नाही. भाच्याला माझा आशीर्वाद. त्याला दुकान हवंय, त्यानं जागा बघावी, त्याचे पाय धडधाकट आहेत.

कलम पाच. दादा, हे तुझं.

माझ्या थोरल्या भावाला या घराच्या पुढच्या खोलीत रोज सकाळी येण्याची वहिवाट राहील. भावजयीला मी हे आधी विचारलंय. ती म्हणाली, "येऊ देत की. पण भाषण नको." ते इथं अट म्हणून लिहिते: भाषण नको. ती कामावर निघायच्या वेळेला यावं. मी गेल्यावर ती खोली रिकामी असेल, आणि रिकाम्या खोलीतून माणूस कुठल्याही वेळी बाहेर पडू शकतो, नाही पडला तरी कुणाला कळत नाही. तुला हे ठाऊक आहे. तुझ्याही घरात तसंच आहे.

येऊन काय करायचं ते मी सांगणार नाही. तिच्याशी बोलायला नाही जमलं तर बोलू नकोस. चिडायचं असेल तर चीड, मी त्याच्यावरच निभावलं. मात्र ही वहिवाट वापरली तरच टिकेल. येणं सोडलंस तर ती आपोआप गेली असं समजावं, नोटीस येणार नाही. वकीलबाई म्हणतात, असला हक्क त्यांनी कधी लिहिलेला नाही आणि कोर्टात कितपत टिकेल सांगता येत नाही. कोर्टात नाही टिकला तरी चालेल.

कलम सहा. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. मी दवाखान्यातून परत आले तर हे पाकिटात बंद राहील, पण तू आज ते वाचणार आहेस, तेव्हा बंद राहून उपयोग नाही. मी खाली पोचेपर्यंत त्यांनी ते तुला देऊ नये.

वरील मजकूर मी वाचला, मला मान्य आहे, म्हणून सही करते.

सही: कवळ्या करणारी

साक्षीदार पहिली: इथल्याच खालच्या मजल्यावरची, चष्मे विकणारी. तिनं विचारलं, पाचवं कलम असं का? म्हटलं, तू फक्त माझी सही बघ.

साक्षीदार दुसरा: शिट्टीवाला मास्तर. भावजयीला साक्षीला घेता येत नाही, कारण तिला मिळतंय.

ठिकाण: वकीलबाईंची केबिन, आतली खुर्ची.

तारीख: आजची, शिक्का वकीलबाई मारतील.

दादा, तू उठून उभा राहिलायस, काचेतून दिसतोयस, तोंडही उघडलंयस. खाली भावजय गाडी चालू ठेवून हॉर्न देतेय, आणि या केबिनला मागच्या जिन्यावर उघडणारं एक दार आहे. निघाले.