गॅरेजच्या मागच्या भिंतीविषयी

मी, खाली सही करणारी, वय सेहेचाळीस, अविवाहित, महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. पोटातला आजार आता औषधांना जुमानत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. शुद्ध मात्र शाबूत आहे. नसती तर बरे झाले असते.

१. घरातील माझा अर्धा हिस्सा आणि बँकेतील शिल्लक थोरल्या भावाला, म्हणजे दादाला मिळावी. हे प्रेमापोटी आहे असे त्याने समजू नये. कारण कलम तीनमध्ये आहे.

२. सुतारकामाची हत्यारे मुळात दादाचीच. त्याचे दुकान बंद झाले तेव्हा मी ती माझ्या खोलीत आणून ठेवली. रंधे आणि पटाशा दर महिन्याला तेल लावून पुसते. तो कधी मागत नाही. पुढे काय करायचे ते त्यानेच ठरवावे.

३. सात वर्षांपूर्वी गॅरेजमध्ये आम्ही सामानासाठी फळ्या बसवल्या. फळ्या कापणे दादाकडे, मोजमापे आणि भिंत माझ्याकडे. मागच्या भिंतीतली जुनी भोके मीच पूर्वी पुट्टीने बुजवून वर रंग दिला होता. फळ्या पेलणाऱ्या नव्या ब्रॅकेटांची रेघ नेमकी त्यांवरून गेली. चार इंच वर सरकायला हवे होते, पण मग फळ्यांमधली अंतरे सारखी राहिली नसती. मी पुट्टीतच स्क्रू पिळले.

"भिंत ठोकून बघितलीस ना गं?" दादाने विचारले.

"मोजमापांच्या वहीत लिहिलंय बघ."

"मग काय! मास्तरीणबाईंच्या वहीत आहे म्हणजे प्रश्नच मिटला."

वहीत 'भिंत तपासली' असे होते. ते मी काम सुरू करण्याआधीच लिहून ठेवले होते.

तिसऱ्या दिवशी दादा वरच्या फळीवर रंगाचे डबे चढवत असताना फळ्यांसकट सगळे खाली आले. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे चेंगरली. त्या हाताने त्याला पुन्हा पटाशी धरता आली नाही. दवाखान्यात तोच म्हणाला, "माझंच चुकलं, वजन जास्त लादलं." मी घरी येऊन भिंतीखालचा पुट्टीचा चुरा झाडून टाकला.

४. वहिनी तेव्हापासून म्हणतात, "अहो, राहू द्या ती बादली. वजनाचा अंदाज असता तर आज दुकान चालू असतं." दादा हसतो. मी समोर बसून जेवत असते. वहिनींनी कलम तीन दादासमोर मोठ्याने वाचावे, आणि मग त्याला पुन्हा तसे बोलू नये. हे मी जिवंतपणी का सांगत नाही? तो रागावेल याची भीती आहे, की "जाऊ दे गं" म्हणेल याची, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

५. माझ्या डायऱ्या जाळाव्यात. फळ्या पडल्या त्या वर्षाची तेवढी दादाला द्यावी.

सह्यांनंतर जोडलेली नोंद, कारण ती गाळणे खोटे होईल: शेजारच्या निवृत्त नर्सबाईंनी सही करण्याआधी कागद वाचला. "अहो, हे आत्ताच सांगा की. ते अंगणात तर आहेत." मी दार उघडले. दादा डाव्या हाताने कुंड्यांना पाणी घालत होता.

"काय चाललंय गं आत?"

"काही नाही, दादा. विम्याचे कागद आहेत."

नर्सबाईंनी माझ्याकडे न बघता सही केली.

लिहून देणार: (सही) धाकटी बहीण
साक्षीदार: (सही) शेजारच्या नर्सबाई, (सही) कोपऱ्यावरचे हार्डवेअर दुकानदार
स्थळ: राहत्या घरी
दिनांक: ११ सप्टेंबर, रविवार