दुसरा पास

अंबरनाथ,
नोव्हेंबर १९९९

प्रिय महिपती,

तुझं पोस्टकार्ड जूनमध्ये मिळालं. आता नोव्हेंबर अर्धा संपत आला. अंबरनाथहून बदलापूर एकच स्टेशन, त्यामुळे यायला जमलं नाही असंही मला म्हणता येत नाही. कार्ड मी घरी नेलं नाही. शाळेच्या ऑफिसात माझ्या टेबलाच्या खणात, हजेरीपटाच्या खाली ठेवलं आहे. चार ओळी आहेत. हेंद्रेपाड्याची खोली सोडून तू कुळगावला आईकडे गेलास, शालनला आशीर्वाद, आणि शेवटी माझ्या भावाबद्दल विचारलं आहेस की शंकर माझ्यावर रागावून गेला का ताई, शेवटी माझी आठवण काढली का. याचं उत्तर मला ठाऊक आहे. म्हणूनच लिहायला इतका उशीर झाला. आज शाळा सुटल्यावर दार लोटून बसले आहे, बघू जमतं का.

मागच्या रविवारी दुपारी केबलवर एक हिंदी पिक्चर लागला होता. सुरुवात चुकली, त्यामुळे नाव कळलं नाही. तुझे दाजी हळदीला गेले होते. मी आणि शालन तांदूळ निवडत बसलो होतो. पिक्चरमध्ये डोंगरातलं छोटंसं गाव होतं. तिथे एक शिंपी आणि एक कंपाउंडर, दोघेही पन्नाशीचे, एका घरात राहतात. एवढं कळल्यावर मी सवयीने हसू यायची वाट बघायला लागले. आता एक जण कंबर हलवत चालेल, रुमाल उडवेल, मागे तसलं म्युझिक वाजेल. तसं काही झालंच नाही. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून दोघे भांडले, एकाने दही आणून दुसऱ्याच्या ताटात वाढलं, आणि पिक्चर पुढे सरकला. मला कुठे बघावं कळेना. शालन मात्र हातातलं सूप खाली ठेवून बघत होती.

मला पिक्चरमधलं फार कळत नाही, तुला माहीत आहे. तो विषय तुमचा दोघांचा. पण त्यातलं घर मला पटलं नाही. इतकं नीटनेटकं घर असतं का? दोरीवर कपडे नाहीत, कुठे बादली नाही. तुमच्या खोलीत दोन दिवसांआड पाणी यायचं म्हणून सात बादल्या आणि एक पिंप होतं, आणि पलंगाखाली शंकरने दुकानातून आणलेल्या टीव्हीच्या जुन्या पिक्चर ट्यूब. पाय ठेवायला जागा नसायची. एक गोष्ट मात्र अगदी बरोबर दाखवली होती. शिंप्याने चपला घातल्या की कंपाउंडर न सांगता कुलूप हातात घेतो. ते बघून मला एकदम तुम्ही दोघे दिसलात. शंकर नुसता उभा राहिला की तू त्याची हत्यारांची पिशवी उचलायचास. तो तुला उचल म्हणत नसे. नऊ वर्षं मी ते बघत आले आणि लोकांना सांगत आले की दोघे रूम पार्टनर आहेत, भाडं वाटून घेतात.

आणि मग मला एक्क्याण्णवची जयंती आठवली. तुझ्याही लक्षात असेल. उल्हासनगरच्या सिंधी शेठने शंकरला दुकानातला मोठा कलर टीव्ही आणि व्हीसीआर दोन दिवसांसाठी दिला होता. आमच्या वस्तीत मंडपात तीन पिक्चर लावायचे ठरले. कॅसेटची पेटी तू धरली होतीस. दुसऱ्या पिक्चरमध्ये तो बायकी चालीचा माणूस आला. हीरो त्याच्यापासून लांब पळतो आणि सगळे हसतात. मंडपही हसला. पुढून कुणीतरी ओरडलं, "शंकऱ्या, तुझा महिपती टीव्हीत कधी गेला रे?" परत हसणं. मीही हसले. पदर तोंडावर धरून, पण हसले. मागे वळून बघितलं तर शंकर व्हीसीआरवर वाकून ट्रॅकिंगचं बटण फिरवत होता. चित्र स्वच्छ होतं. काही फिरवायची गरज नव्हती. तो वाकूनच राहिला, आणि तू वायरींपाशी बसून चपलेच्या अंगठ्याकडे बघत होतास. तिसरा पिक्चर त्याने तितक्याच नीट लावला. दुसऱ्या दिवशी माझ्या हातचा चहा पिऊन गेला. मला वाटलं, विसरला.

तो पिक्चर बघताना तू हसलीस का, असं त्याने मला कधीच विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते.

रविवारच्या पिक्चरमध्ये शेवटी कंपाउंडर आजारी पडतो. त्याला हॉस्पिटलात ठेवतात आणि शिंपी त्याच्या खाटेशी बसून त्याची नखं कापतो. नर्स येते, सलाइन बघते, स्टूल जरा त्याच्याकडे सरकवते आणि निघून जाते. तू याचा कोण, असं कुणी विचारत नाही. मला राग आला. मी शालनला म्हटलं, काहीही दाखवतात, हॉस्पिटलात असं कुणालाही बसू देतात का. शालनने टीव्हीवरची नजर काढली नाही. म्हणाली, "आई, महिपतीमामा रोज खाली बाकावर बसायचा. तू त्याला एकदाही वर का नाही नेलंस?" मी सूप उचलून स्वयंपाकघरात गेले. निवडलेले तांदूळ परत निवडत बसले.

महिपती, आता फेब्रुवारीबद्दल लिहिते. शंकरला कावीळ झाली तेव्हा माळ घालायला मी नेलं. तू आधी रक्त तपासा म्हणत होतास. माळ गळ्यातून कमरेपर्यंत लांबली की कावीळ उतरते, आमच्याकडे सगळ्यांची उतरली, असं मी म्हणाले, आणि शंकरने माझं ऐकलं. त्यावरून तुमचं दोघांचं वाजलं. तू शिफ्टला जाताना त्याच्याशी बोलला नाहीस. बारा दिवसांनी त्याला रक्ताची उलटी झाली तेव्हा तूच रिक्षा आणलीस. ते भांडण मनात धरून तू मला प्रश्न विचारला आहेस, हे मला कळतं. तू बरोबर होतास. डॉक्टरांनी तेच सांगितलं, लवकर आणायला हवं होतं.

हॉस्पिटलात मी तुला सांगितलं की पेशंटमागे एकच पास मिळतो. ते खोटं होतं. दोन मिळतात, लाल पुठ्ठ्याचे. दोन्ही माझ्या पर्समध्ये होते. त्याच आठवड्यात शालनला बघून गेलेली उल्हासनगरची माणसं शंकरला भेटायला आली होती. शहाळी घेऊन पाच जण आले, आळीपाळीने वर गेले. मुलाच्या मावशीने जिन्यात मला विचारलं, खाली बाकावर डोकं धरून बसलाय तो कोण, सख्ख्या भावासारखा रडतोय. मी म्हटलं, दुकानातला माणूस आहे. दुसरा पास मी तिच्या हातात दिला. ते लग्न पुढे जमलं नाही. त्यांना नोकरी करणारी मुलगी हवी होती, एवढंच कारण. पण त्या पाच दिवसांत मला वाटत होतं की तू वर आलास, त्याच्या खाटेशी बसलास, की बघणाऱ्याला न सांगता सगळं कळेल. म्हणून मी तुला खाली येऊन सांगायचे की डॉक्टरांनी मनाई केली आहे आणि शंकरलाही कुणी भेटायला नको आहे. तू मान हलवायचास. एकदाही वाद घातला नाहीस. नंतर शंकरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याच्या फोटोला फुलं वाहायला नावं पुकारली, ती यादी मीच लिहून दिली होती. तुझं नाव मित्रमंडळींत अकरावं होतं. ते पुकारलं तोवर तू निघून गेला होतास.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते आणि संपवते. रोज विचारायचा. सकाळी डोळे उघडले की पहिलं तेच, महिपती आला का. मी म्हणायचे, नाही आला. पहिल्या दिवशी तो म्हणाला, सेकंड शिफ्ट असेल. दुसऱ्या दिवशी म्हणाला, शिफ्ट बदलून मिळाली नसेल, त्याचा सुपरवायझर खडूस आहे. तिसऱ्या दिवशी त्याला बोलायला त्रास होत होता, तरी माझा हात धरून म्हणाला, "ताई, तू त्याच्यावर रागावू नकोस. सुट्टी मिळाली की येईल तो." तू तेव्हा बिनपगारी रजा टाकून दोन मजले खाली बसला होतास. चौथ्या दिवशी त्याने विचारलं नाही, आणि मला बरं वाटलं. हे मी दुसऱ्या कुणाला सांगू शकणार नाही, महिपती, मला बरं वाटलं. पाचव्या दिवशी तो गेला. तो तुझ्यावर रागावून गेला नाही. शुद्धीत होता तोवर तुझी बाजू घेत होता, माझ्यापुढे. हे सांगायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मी नऊ महिने गप्प बसले. उत्तर लिहू नये असं वाटलं तर लिहू नकोस.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क राहिला असेल तर तुझीच,
अंजनाताई