पाव्हण्यासमोर बेकार

१४ ऑक्टोबर, मंगळवार. बीड.

शेजारच्या सलीमभाईंची परत मिळणारी नोकरी आज त्यांच्याच तोंडानं गेली. कापसाच्या जिनिंगच्या मालकानं त्यांना उन्हाळ्यात काढलं होतं. आता बेकार माणूस कामावर घेतला की अर्धा पगार सरकार देणार, तेव्हा मालकाला त्यांचा उमाळा आला. मालकाच्या सांगण्यावरून अर्ज मीच भरला. सलीमभाईंना पढवलंही, ‘हातगाडीचं बोलू नका, घरीच बसून हाय म्हणा.’

चौकशीचे साहेब आले तेव्हा ओट्यावर सलीमभाईंच्या मुलीचे होणारे सासरे चहा पीत बसलेले. त्यांच्यासमोरच साहेबांनी विचारलं, “तुम्ही बेकार ना?”

सलीमभाई ताठ झाले. “बेकार कावून, साहेब? सीताफळाची हातगाडी हाय माझी.”

साहेबांनी तेच लिहिलं. अर्ज बाद.

पाव्हणे गेल्यावर मी चिडलो. “एक दिवस बेकार झाला असता तर काय बिघडलं असतं?”

“सोयरीक मोडली असती, भाऊ.”

साहेब चहा संपल्यावर आले असते तर? तो एक कप चहा डोक्यातून जात नाही.

संध्याकाळी मालकाचा फोन. “दुसरा बेकार बघा. जरा लाज कमी असलेला.”

आणि मी नेकनूरच्या एकाचं नाव दिलं. लगेच दिलं.