मावशीच्या हातची हळद

कुरुंदा,
ता. ५ फेब्रुवारी १९७८

चि. सौ. पद्मास अक्काचा आशीर्वाद.

इकडं समदे खुशाल हायेत, असं लिहायची रीत हाय म्हणून लिहिते. आमची म्हातारी सासू दोन भाकरी खाते अन् माझ्यावर ओरडते, म्हणजे खुशालच.

तुझ्या पेमाच्या लग्नाची तिथी धरली, वाचून बरं वाटलं. पोरगा मास्तर हाय म्हणतेस, तर पेमाला म्हणावं त्याच्या पुढंपुढं लई करू नको, मास्तराला सवय होते. लग्नाला तुझे दाजी येतील. हळद मी दळून त्यांच्यासंग देते. मला जमायचं न्हाई. रानात हळद काढून राहिले, काहिल चढवायची हाय, शिजवायला माणूस मिळत न्हाई. अन् म्हातारीला कोणाच्या भरवशावर टाकू?

बसला गर्दी लई असते. बसचं मला सांगूच नको.

देवीचं तुला कोणी सांगितलं? लोकाला धंदा न्हाई. कार्डावर असलं लिहू नको, पोस्टापासून घरापर्यंत समदे वाचतात.

काहून येत न्हाई, काहून येत न्हाई, असं दहादा विचारू नको. सांगितलं न काम हाय.

तुझी अक्का


कुरुंदा,
ता. १९ फेब्रुवारी १९७८

चि. सौ. पद्मास आशीर्वाद.

तुझं कार्ड आलं. तुझे दाजी ओसरीवर मोठ्यानं वाचून राहिले अन् म्हातारी ऐकून राहिली. “मोठ्या देवीला गरिबाच्या मांडवात यायला कमीपणा वाटत असंल.” हे तू लिहिलंस? लहानपणी तुझी वेणी मी घातली, त्या वेणीला धरून आता ओढावी वाटली. म्हणून आज कार्ड न्हाई, डिंक लावलेलं बंद पत्र लिहिते. चौथी शिकलेली हाय मी, हळू लिहिते पण माझं मी लिहिते.

तुझ्या सासूच्या दिवसाला आले न्हाई, पेमाच्या साखरपुड्याला आले न्हाई, ते तू मोजून ठेवलंस. मोज. पण कमीपणा म्हणू नको.

साखरपुड्याला मी निघाले व्हते. हे तुला कोणी सांगितलं न्हाई. वसमतच्या स्टँडवर उतरले, तुमच्याकडची हट्ट्याची गाडी लागली, लोकं दारात घुसून राहिले. मी पायरीवर पाय ठेवला अन् मला जरा चक्कर आली. उन्हाची. थंडीतलं ऊन काय असतं म्हणशील, तर असतं. हात कापायला लागले, दातावर दात वाजले, घामानं चोळी भिजली. मी खाली बसले. शेजारच्या गल्लीतली आमची सखुबाई संग व्हती. ती वरडली, “अगं बया, हिच्या अंगात आलं!” झालं. कोणीतरी कुंकू काढलं, कोणी हळद फासली, एक बाई पायावर डोकं ठेवून विचारते, “आई, माझा पोरगा नांदेडहून कधी यील?” मला श्वास घेता येईना अन् ही पोरगा विचारते.

मी काय बोलले न्हाई. बोलताच येत न्हवतं. तेच त्यांना बराबर वाटलं.

तवापासून दर मंगळवारी बाया येऊन राहिल्या. म्हातारी खुश. जी मला तीस वर्षं “रुक्मे” म्हणली, ती आता लोकापुढं “आमच्या बाई” म्हणते. दाजी काय बोलत न्हाईत. बायकोला चक्कर येते असं सांगण्यापरीस देवी येते हे सांगायला त्यांनाबी सोपं जात असंल.

मागच्या मंगळवारी गल्लीतल्या देवलाची सून तान्हं घेऊन आली. लेकराचा ताप उतरंना, डोळे वर गेलेले. मला विचारते, “आई, अंगारा लावू का दवाखान्यात नेऊ?” मी नुसतं माणूस म्हणून सांगितलं असतं तर म्हातारीनं अंगारा लावला असता. म्हणून केस मोकळे सोडले अन् वरडले, “दवाखान्यात ने! आत्ता ने! थांबलीस तर बघ!” पळत गेली. लेकरू वाचलं.

पण त्यातून एक नसती पीडा मागं लागली. दवाखान्यातल्या नर्सबाईनं विचारलं, कोणी पाठवलं? लेकराच्या घरचे म्हणले, देवीनं. तर ती देवी बघायला घरीच आली. आशाबाई नाव. बौद्धवाड्यातली, नांदेडला नर्सचं शिकलेली. म्हातारी म्हणली, अंगणात बस. मी तिला ओसरीवर घेतली, कपात चहा दिला. म्हातारीनं तोंड भिंतीकडं केलं, ते अजून तिकडंच हाय.

ती नर्स लई विचारते. मी तिला हाकलणार हाय.

अन् तुझी विहीण म्हणते न, देवीनं नवरीची ओटी भरावी म्हणून? तिला सांग, देवीला काम हाय.

तुझी अक्का


कुरुंदा,
ता. ८ मार्च १९७८

पद्मा,

मायना लिहीत न्हाई. लिहीत बसले तर पुढचं राहून जाईल.

ती चक्कर न्हवती. मी भ्याले व्हते.

कशाला भ्याले विचारशील. तेच तर कळत न्हाई. कोणी मेलं न्हाई, कोणी मारलं न्हाई, सापबी निघाला न्हाई. तुला ठावं हाय, दुष्काळात रस्त्याच्या कामावर मी खडी फोडली, मुकादमाला दगड दाखवला, तवा न्हाई भ्याले. अन् आता बसच्या पायरीला भिते. छातीत कोणी धुण्याची मोगरी हाणावी तसं होतं. श्वास अर्ध्यात अडतो. बोटाला मुंग्या येतात. वाटतं, झालं, हितंच जीव जातो. वर्ष झालं. आधी बसमधी व्हायचं, मंग स्टँडवर, मंग बाजारात. मंग मी कुठं जाणंच सोडलं. माणसाला भीती सांगितली की माणूस हसतं, म्हणून देवी झाले. देवीला कोणी विचारत न्हाई, घरातच काहून बसतीस.

नर्सला हाकललं न्हाई. ती म्हणली, “रुक्माबाई, मागच्या बारीला मेल्या का?”

मी म्हणलं, “मेले असते तर तुला चहा कोणी दिला असता?”

“त्याच्या आधीच्या बारीला?”

“न्हाई.”

“मंग ही भीती दर बारीला खोटं बोलते, अन् तुमी दर बारीला खरं मानता. एवढ्या हुशार बाई तुमी!”

राग आला. पण खरं व्हतं.

मी म्हणलं, गोळी दे. ती म्हणली, हिच्यासाठी गोळी न देता बघू. मी आठवड्याला यीन, कसं करायचं ते सांगीन, पण करायचं तुमी. तुमच्या वाटचं मी करणार न्हाई. नांदेडच्या डॉक्टरानं तिला हे शिकवलं म्हणे. मला वाटलं, फुकटचा इलाज, म्हणून मलाच करायला लावते.

पहिलं तिनं श्वास हळू सोडायला सांगितला. मला कळंना. हळू म्हणलं की मी धरूनच बसायची, डोळे पांढरे व्हायचे. एक दिवस मी चुलीपाशी फुंकणी फुंकून राहिले, ती दारातून वरडली, “हेच! हेच करायचं! भीती आली की फुंकणी!” मी दुसऱ्या दिवशी लोखंडाची फुंकणी हातात घेऊन गावच्या स्टँडवर जाऊन बसले. तोंडाला लावून फुंकलं, जाळ लांब असल्यावानी, हळूहळू. आशाबाई सायकलवरून आली अन् हसून हसून खाली बसली. फुंकणीसारखा श्वास सोडा म्हणली व्हती, फुंकणी न्या म्हणली न्हवती. मी म्हणलं, हसू नको, मला काय म्हाईत. पण आता ती पिशवीत लागतेच. सखुबाईनं फुंकणीलाबी कुंकू लावलं, देवीचं नवं हत्यार म्हणून.

स्टँडवर नुसतं बसायचं. भीती आली तरी उठायचं न्हाई. आपण काहिलीत हळद शिजवतो न, उकळी वर आली की वाटतं आता सांडते. जाळ वढला की आपोआप बसते. पळालं की जाळ घातल्यावानी होतं. हे तिनं न्हाई सांगितलं, हे माझं मला कळलं. मंग उभ्या बसमधी चढून उतरायचं. मंग पुढच्या फाट्यापर्यंत जायचं.

समदं गोड झालं असं समजू नको. परवा बस सुटली अन् पार मोगरी सुरू झाली. फुंकलं, काही व्हईना. मी वरडले, “थांबवा!” गावाबाहेरच उतरले अन् उन्हात चालत घरी आले. म्हातारी म्हणली, “त्या नर्सला ओसरीवर घेतली, देवी कोपली.” दाजी म्हणले, “जाऊ दे रुक्मा, हाय ते काय वाईट? नारळ येतात, मान हाय.” मी खाटेवर पडले. वाटलं खरंच जाऊ द्यावं. देवी व्हऊन घरात बसावं, पेमाला हळद दाजीच्या हातनं पाठवावी.

आशाबाईला सांगितलं. मला वाटलं, रागवंल. ती म्हणली, “फाट्यापर्यंत गेल्या न्हाई. पण उतरून मेल्याबी न्हाई. उद्या पुन्हा.” बाई हाय का दगड!

काल मंगळवार व्हता. बाया आल्या. मी केस बांधूनच बाहेर आले अन् सांगितलं, माझ्या अंगात देवी न्हाई, भीती येते, छातीत मोगरी हाणल्यावानी, मी तिला औषध करून राहिले. ज्याला दुखतं त्यानं दवाखान्यात जावं. मंग एक म्हणली, “देवी असंच परीक्षा घेते.” सखुबाई म्हणली, “म्हणजे मी कुंकू वाया घातलं?” अन् ताट उचलून गेली. म्हातारी माझ्या हातचं खाईना.

पण जाताना एक बाई दारात मागं राहिली. नाव लिहीत न्हाई. हळूच म्हणली, “अक्का, मोगरी डाव्या अंगाला हाणते का?” मी म्हणलं, मधोमध. ती म्हणली, “माझीबी.” तिला आशाबाईकडं घेऊन जाणार हाय. आधी लग्न.

आज सकाळी मी फाट्याच्या पुढं गेले. वसमतला उतरले. पाय कापून राहिले व्हते, पण माझेच व्हते.

आता नीट ऐक. आपल्यात नवरीला पहिली हळद मावशीच्या हातची लागते. तुला सोनाक्का मावशीनं लावली, मलाबी तिनंच. ह्या बारीची मीच रानातून काढली, शिजवली, जात्यावर दळली. दाजीच्या हाती देत न्हाई. हळदीच्या दिवशी दुपारच्या गाडीनं मी घेऊन येते. एकटी.

विहिणीला आधीच सांगून ठेव, देवी येत न्हाई, मावशी येते. मांडवात मला घाम फुटला, हात कापले, तर कोणी पाया पडायचं न्हाई, कुंकू फासायचं न्हाई. पाणी द्यायचं अन् बसू द्यायचं. हळद लावताना हात हालला तर पेमाच्या नाकाला लागंल, तिला म्हणावं हसली तरी चालंल.

तू तुमच्या गावच्या फाट्यावर ये. बस थांबली अन् मी दारात दिसले न्हाई, तर रागानं माघारी जाऊ नको. कंडक्टरला म्हण, जरा दम धरा, आत माझी बहीण फुंकणी फुंकून राहिली, उतरंल.

हे पत्र आत्ताच पेटीत टाकते, म्हणजे मला माघार घेता यायची न्हाई.

येतेच,
तुझी अक्का रुक्मा