दोन पाइप, एक थाप

ता. १ डिसें.
पहाटे कानात दोन इंजिनं. लोणावळ्याच्या रेल्वे चाळीत लहानपणी ऐकलेली. घाटात गाडी थांबली की निघताना पुढचं इंजिन भोंगा द्यायचं. हाक. मग जरा शांतता. मग मागून ढकलणारं इंजिन भोंगा द्यायचं. ओ. त्यानंतरच डबे हलायचे. मी गोधडीत पडून ती मधली शांतता ऐकायचो. कवितेतल्या यतीसारखी.
डोळे उघडले तर अंगणात प्रकाशची गाडी. चिरंजीवांचा धंदा बंद पडलेली वाहनं टोचन करून आणण्याचा, आणि स्वतःच्याच गाडीचा सायलेन्सर सडून भोकं पडलेली. अख्खं सोमाटणे उठवतो. सूनबाई वैशाली म्हणाली, "आबा, आपल्या कोंबड्यानं राजीनामा दिला."

ता. २
प्रकाशला आता साधा सायलेन्सर नको, डबल पाइप हवा. "भरलेला टेम्पो मागं लावून खिंड चढताना गाडीचा दम कोंडतो, आबा. दोन नाकपुड्या असल्या की श्वास मोकळा."
यावर पोपट, "दाजी, आदी तुमी घोरताना एक नाकपुडी बंद करा. तायडीला झोप लागंल."
पोपट हा वैशालीचा धाकटा भाऊ. गाडी प्रकाश चालवतो, मागे उभं राहून साखळी पोपट लावतो. प्रकाश-वैशालीच्या लग्नातली वाजंत्री थांबली तेव्हापासून ही जोडी. दोघांत फोन नाही, शिट्टी नाही. पोपट मागच्या पत्र्यावर हाताने थाप मारतो. एक थाप, थांब. दोन थापा, ओढ. माझ्या खोलीतून दोघांचं काम नुसतं ऐकून कळतं.

ता. ४
वराळे फाट्यावर सायलेन्सरवाल्याकडे गेलो. मलाही नेलं, "आबांचा कान चांगला" म्हणून. ऐकून छाती फुगली.
तीन तऱ्हा. एकच पाइप, होता तसा. दोन पाइप, प्रत्येकाला आवाज गिळणारा ड्रम. किंवा दोन सरळ पाइप, ड्रमच नाही. दुकानदार म्हणाला, "काका, ड्रम म्हणजे तोंडावर हात. सरळ पाइपला गाडी बोलते बघा."
सरळ पाइप तात्पुरते जोडून गाडी चालू केली. एक आवाज डावीकडून, एक उजवीकडून. दोन इंजिनं! अंगावर काटा. मी घाटात, मी सात वर्षांचा, वडील कंदील घेऊन...
"काय म्हणता आबा?" प्रकाशने विचारलं.
"हेच."
सगळे पुढे उभे राहून मोबाइलवर शूटिंग करत होते. पोपटसुद्धा.

ता. ६
सकाळी विहारात वंदना. प्रकाशने गाडी लांब उभी केली नि चालत आला. बरं वाटलं. परंदवडीहून विहीणबाई आल्या होत्या, पोपटची आई. जयभीम झाला. म्हणाल्या, "पाव्हणं, तुमची गाडी निगाली की आमच्या हितं कळतंय." कौतुक की टोमणा? त्यांच्या तोंडावरून कधीच कळत नाही.
गाडी चढ छान चढते म्हणे. प्रकाश खूश. मीही.

ता. ९
पोपट सुखरूप आहे. आधी हे लिहितो, मग बाकीचं.
कामशेतच्या खिंडीत टेम्पो बंद पडलेला. प्रकाश गाडी मागे घेत होता, पोपट मधे, हातात साखळी. जवळ आल्यावर त्याने थाप मारली. गाडी थांबेना. पुन्हा मारली. दोन्ही बाजूंच्या पाइपांत थाप बुडाली. प्रकाशला काही म्हणजे काही ऐकू गेलं नाही. पोपटने साखळी टाकून कडेच्या गवतात उडी मारली. टेम्पोच्या बंपरवर ठेवलेला त्याचा जेवणाचा डबा दोन गाड्यांच्या मधे सापडला. भाकरीसकट चपटा.
कोपर खरचटलंय, बाकी काही नाही. घरी येऊन तोच हसत होता. "तायडे, आईनं पिठलं दिलतं. त्याचा पापड झाला बग."
वैशाली हसली नाही. तिने दोघांपुढे चहा ठेवला. एकाकडेही पाहिलं नाही. एक भाऊ, एक नवरा. कुणाकडे बघणार?
प्रकाशचा चहा तसाच गार झाला.

ता. १०
पोपट कामावर आला नाही. विहीणबाईंनी डबा पाहिला. वैशालीला फोन. "भांडं ठोकून सरळ व्हतंय, माणूस व्हत न्हाई. पोपट येनार न्हाई." त्याला वराळ्याच्या कंपनीत चिकटवायचं चाललंय.
मी प्रकाशला म्हणालो, दुसरा माणूस बघ.
"दुसऱ्याची थाप तरी कुठं ऐकू येणारे, आबा?"
खरंच की. आणि 'हेच' म्हणालो होतो मी.
वैशाली घरात बोलते, पण नुसतं कामापुरतं. मीठ हवं का. पाणी तापलंय.

ता. १२
शाळेतले गुरुजी आठवले. कविता म्हणवून घेताना टेबलावर थाप द्यायचे. थाप पडली की वर्ग गप्प. मग एकट्याने पुढची ओळ म्हणायची. आम्ही किती का ओरडत असू, ती थाप ऐकू यायचीच, कारण सगळ्यांचे कान तिच्याकडे असायचे.
नि वडील. रेल्वेत खलाशी. म्हणायचे, "मागच्याची ओ आल्याबिगर पुढच्यानं हलायचं न्हाई." जन्मभर मी त्या दोन भोंग्यांची नुसती चाल लक्षात ठेवली. अर्थ राहिला घाटात.
प्रकाशला सगळं सांगितलं. एरवी माझ्या आठवणी सुरू झाल्या की तो चप्पल शोधतो. आज बसून राहिला. मग म्हणाला, "आपण पाइप पुढं उभं राहून निवडला, आबा. मागं कुणीच गेलं नाही."
"उद्या जाऊ."

ता. १३
गेलो. दुकानदार म्हणाला, मग एकच पाइप टाका, मिटलं. प्रकाश ऐकेना. दोन पाइपांनी गाडी खरंच चढते, ओझं ओढताना धापा टाकत नाही, ते त्याला सोडायचं नव्हतं. ठरलं असं. दोनच पाइप, पण ड्रम लावून. कुठला ड्रम ते थाप ठरवेल.
प्रकाश स्टिअरिंगवर, मी शेजारी, काचा वर. मागे कोण? वैशाली उतरली नि गाडीमागे गेली.
सरळ पाइप: काही नाही. ती कडेला उभी, म्हणून आरशात तिचा हात पत्र्यावर पडताना दिसत होता, आवाज नाही. प्रकाशने मान खाली घातली.
लहान ड्रम: आल्यासारखं वाटलं. वाटणं काय कामाचं.
मोठे ड्रम, दोन्हीकडे. प्रकाशने ॲक्सिलरेटर दाबला. आणि पाठीत कुणी बोट टोचावं तशी, एक थाप. मग दोन. मग वैशालीला काय सुचलं कोण जाणे. एक हलकी, दोन जड. एक हलकी, दोन जड. मी ओरडलो, "लगागा लगागा! भुजंगप्रयात!" घरात माझ्याकडून ऐकून ऐकून पाठ झालंय तिला.
प्रकाश घाबरून, "म्हणजे थांबू का ओढू?"
किती दिवसांनी हसलो तिघं. दुकानदार आमच्याकडे वेड्यासारखा बघत होता.
वैशाली पुढे आली ती खोकत. पाइपांची तोंडं नेमकी साखळीवाल्या माणसाकडे. पोपट इतके दिवस तो धूर खात होता, बोलला नाही. तोंडं वळवून मागच्या चाकांच्या पुढे, बाहेरच्या अंगाला करून घेतली.
परतताना वैशाली मधे बसली. प्रकाशला म्हणाली, "हळू चालवा." तीन दिवसांतलं पहिलं जास्तीचं वाक्य.

ता. १४
गाडी सुरू झालेली मला कळलीच नाही. कोंबडा आरवला ते ऐकलं. छातीवरचा धोंडा निम्मा उतरला.
प्रकाश परंदवडीला जाऊन आला. पोपट घरीच होता, म्हणाला, "दाजी, मी तर आत्ता येतो, पन म्हातारी..." म्हातारीने चहा दिला, विषय काढू दिला नाही. "गाडी बदलली म्हनतोय. जावयानं म्हनलं नि सासूनं ऐकलं, असं कुटं असतंय?" प्रकाश ते सांगतानाही हसत होता. चहा दिला म्हणजे दार बंद नाही. असं मी धरून चाललोय.

ता. १६
दुपार. वैशाली शेंगा फोडतेय, प्रकाश ओट्यावर. दोन दिवस झाले, कामाला फोन येतात, तो नाही म्हणतो. माणसाशिवाय गाडी काढायची नाही असं त्यानंच ठरवलंय. धोंड्याचा उरलेला निम्मा

मधेच थांबलो. मागच्या दारावर थाप पडली. दोन. वैशाली "पोपट्या!" म्हणून उठली नि धावली.
पोपट नाही. विहीणबाई. एकट्या. रिक्षाने आल्या, घाम पुसताहेत. काखेत तो चपटा डबा. आत येईनात. पाणी घेईनात.
"जावईबापू, चावी घ्या. पाव्हणं, तुमी पुडं बसा. काचा लावा. मी मागं हुबी ऱ्हाते."
वैशाली म्हणाली, "अगं आई, मी मारली की थाप, ऐकू येते."
"तुजा हात तरणा हाय. माजा ऐकू आला तर पोपट उद्या येईल. न्हाई आला, तर हा डबा तुमच्या दाराला टांगून जाईन."
पदर खोचून त्या गाडीमागे जाऊनही उभ्या राहिल्या. प्रकाश चावी शोधतोय. चावी वैशालीच्या हातात आहे. माझा कान... असो. जातो, काचा वर करतो.