काहीही न ठरवण्याचं वेळापत्रक

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळ.
निर्णय पक्का. झाशीतलं पहिलं मराठी ब्लॉग संमेलन २३ तारखेला, महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये, दहा ते एक. मंडळाचे अध्यक्ष गोपाळराव ओरछा गेटपाशी राहतात, जुनं घराणं. त्यांनी हॉल दिला. विषय समजला नाही, पण सतरंज्या जागच्या जागी ठेवा म्हणाले.
झाशीत मराठी ब्लॉगर किती? सध्या एक. मी. 'मनाचा कारखाना', चार वर्षं, तीनशे बारा पोस्ट. बाकीचे ब्लॉगर संमेलनातून तयार होतील.
रोजचे वाचक दहा. आज पाच. रविवारी नेहमी पाचच असतात. अभ्यासू वर्गालाही सुट्टी हवी.

३ फेब्रुवारी, सोमवार.
इराने (कन्या, बी.एस्सी. दुसरं वर्ष, मराठी सगळं समजतं, बोलते हिंदी) सांगितलं की आजकाल अशा कॉन्फरन्सला एक तास खुला ठेवतात. लोग वहीं आके अपना टॉपिक बताते हैं, पापा, पहले से कुछ फिक्स नहीं होता.
कल्पना आवडली. काहीही ठरवायचं नाही, हे नीट ठरवावं लागेल. कारखान्यात प्लॅनिंगला सव्वीस वर्षं झाली, हे काम दुसऱ्या कुणाला झेपणार नाही.
संध्याकाळी इलाइट चौराह्यावर मधु भैयाच्या झेरॉक्सच्या दुकानात. फॉर्म 'ख.स.१' (खुलं सत्र, विषय सुचवण्याचा अर्ज) तीन प्रतींत. आयत्या वेळी सुचणारे विषय पंधरा दिवस आधी कळवावेत, अशी तळटीप.
प्रिंट निघेपर्यंत त्याच्या कॉम्प्युटरवर एक सोय करून दिली. सुरू केला की माझा ब्लॉग आपोआप उघडेल. अशी सोय मी दिवाळीपासून बऱ्याच जणांना करून दिली आहे. विचारत बसत नाही. विचारलं की लोक संकोचतात.

४ फेब्रुवारी, मंगळवार. रथसप्तमी.
वाचक अकरा! एका दिवसात दहा टक्के वाढ. वाढ कुठून आली कळत नाही. बहुधा पुण्याहून.
घरी सुनीताचं (पत्नी) हळदीकुंकू. कॉलनीतल्या एकोणीस बायका. वाण म्हणून प्लास्टिकची डबी होती. प्रत्येक डबीत मी फॉर्म घडी करून घातला, तिन्ही प्रती. सुनीताला सांगितलं नव्हतं. तिने त्यावर तिळाचे लाडू भरले.
सुनीता अबोल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.
दिवसभरात वीज तीनदा गेली. वाचक चौतीस! संकटात माणूस साहित्याकडे वळतो, यावर पोस्ट लिहिली.
सुनीता बोलू लागली. विषय: लाडवांना शाई लागली.

१२ फेब्रुवारी, बुधवार.
अर्ज चार आले. छाननी केली.
१) गोपाळराव: 'आमच्या घरातले जुने शब्द'. ब्लॉगशी संबंध नाही. नामंजूर. (हॉल त्यांचा असल्याने 'विचाराधीन' असं लिहिलं.)
२) अनुप, माझ्याच विभागातला, मराठीच, पण चार पिढ्या झाशीत: 'ऑफिस के कंप्यूटर की छोटी-मोटी दिक्कतें'. हिंदीत आहे आणि क्षुल्लक आहे. नामंजूर.
३) सुनीता: 'नवरा ब्लॉग लिहीत असताना सिलिंडर कोणी बदलावा'. वैयक्तिक. नामंजूर.
४) मी: 'मनाचा कारखाना: एक सिंहावलोकन'. आपला अर्ज आपणच तपासणं बरं दिसत नाही, म्हणून एक दिवस थांबून उद्या तपासणार.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.
मंजूर.

१५ फेब्रुवारी, शनिवार.
बरुआसागरला रोज लिहिणारा एक माणूस आहे असं अनुपकडून कळलं. सुट्टी टाकून बसने गेलो. मंडीत अडत्या निघाला. दारातल्या फळ्यावर आल्याचे भाव लिहितो. मी अभिनंदन केलं. तो म्हणाला, हम तौ रोज लिखत हैं, भैया, नईं लिखें तौ लोग लड़त हैं.
रोज नवी पोस्ट, सकाळी आठच्या आत शंभरावर वाचक, आणि लिहिलं नाही तर लोक भांडतात. सातत्य आहे. शैली नाही.
निमंत्रण दिलं. त्याने अर्धा किलो आलं दिलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.
इराने फॉर्म वाचले. म्हणाली, पापा, ये तो टेंडर है. खुल्या तासात छाननी नसतेच म्हणे. आलेल्यांनी चिठ्ठीवर विषय लिहायचा, बोर्डावर चिकटवायचा, आणि लोकांनी मत द्यायचं.
मान्य केलं. मन मोठं ठेवायला हवं. मतासाठी टिकल्या वापरायच्या, माणशी तीन. सुनीताच्या कपाटात पाकिटं सापडली. ज्या विषयावर सर्वांत जास्त टिकल्या, त्याला पूर्ण तास.
आता वहीपुरतं खरं लिहितो. चार वर्षं लिहितोय, एक कॉमेंट नाही. घरात, विभागात, कॉलनीत कुणी कधी म्हणालं नाही की कमलाकरजी, ते वाचलं बरं का. एकदा, माणसांसमोर, मी न सांगता, कुणी माझ्या लिखाणाचं नाव काढावं. एवढ्यासाठी हे सगळं आहे. संमेलन वगैरे निमित्त.
वरचा परिच्छेद खोडणार होतो, पण पेन संपत आलंय.

२२ फेब्रुवारी, शनिवार.
लोकाग्रह झाल्यावर आधी लाजून नकार द्यायचा. त्याची आरशासमोर तालीम केली, तीनदा. सुनीता म्हणाली तिसऱ्या वेळी खरंच वाटलं, तसंच करा.
काहीही न ठरवलेल्या तासाचं मिनिटवार वेळापत्रक तयार. अकरा वाजून दहा मिनिटांनी: उत्स्फूर्त टाळ्या.

२३ फेब्रुवारी, रविवार. दुपार.
हजर सतरा. बरुआसागरचे आले नाहीत, भाव लिहायचे होते. मधु भैया फ्लेक्स पोचवायला आला होता, त्यालाही चिठ्ठी दिली. नियम म्हणजे नियम. तो म्हणाला, हमें तो भाईसाहब बस एक बात पूछनी है. मी म्हणालो, तेच लिहा.
माझी चिठ्ठी मधोमध लावली. मधु भैयाची कोपऱ्यात: 'दुकान के कंप्यूटर पर रोज सुबह एक मराठी पेज अपने-आप खुल जाता है. उसे हटाते कैसे हैं?'
सगळ्यांनी चिठ्ठी वाचली. मग अनुप म्हणाला, अरे, हमारे यहां भी. चार मशीनों पर. मग कॉलनीतून आलेल्या पाचही वहिनी एकदम बोलू लागल्या. एकीने दोनदा मेकॅनिक बोलावला होता. गोपाळराव म्हणाले, मंडळाच्या यंत्रावरही ती पीडा आहे, आम्ही तर व्हायरस समजून त्याला फडक्याखाली झाकून ठेवतो.
ऑफिसात चार, कॉलनीत पाच, मंडळात एक, मधु भैयाकडे एक. बेरीज केली. एकदाच केली.
मतदान झालं. मधु भैयाच्या चिठ्ठीला अडतीस टिकल्या, कागद दिसेना. गोपाळरावांना सात, सुनीताच्या सिलिंडरला तीन. माझ्या विषयाला तीन, तिन्ही मरून रंगाच्या. मरून पाकीट माझ्या खिशात होतं. सुनीताने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.
शिकवणार कोण? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेजच्या वर असतं तेच नाव माझ्या चिठ्ठीवर होतं. लाजून नकार दिला. तालमीप्रमाणेच, पण या वेळी खरा होता.
इरा उठली. हिंदीत सुरुवात केली. गोपाळरावांनी थांबवलं, मंडळाच्या हॉलात मराठीत बोलायचं, पोरी, शंभर वर्षांचा शिरस्ता आहे.
आणि इरा मराठीत बोलली. पन्नास मिनिटं. सेटिंगमध्ये जायचा, खाली सरकायचा, जे पान आपण नाही मागितला ते निवडायचा, आणि काढून टाकायचा. लिंगं सगळी चुकली. लोक लिहून घेत होते. वहिनींनी शंका विचारल्या, तिने हसत उत्तरं दिली. ती काय शिकवत होती ते जाऊ दे. मी तिची एकही चूक सुधारली नाही.
अकरा वाजून दहा मिनिटांनी उत्स्फूर्त टाळ्या. वेळापत्रक अचूक.
एकंदरीत: लोकाग्रहास्तव संपूर्ण तास माझ्या ब्लॉगवर झाला. असं म्हणता येईल.

२४ फेब्रुवारी, सोमवार.
वाचक शून्य. पोस्ट लिहिली, 'कन्येचं पहिलं मराठी भाषण'. छापली. बरोबर दिसतेय ना म्हणून उघडून पाहिली.
वाचक एक.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळ.
खचायचं नाही असं ठरवलं. एका कागदाची झेरॉक्स काढायची होती, तशी गरज नव्हती. मधु भैयाकडे गेलो. तो आत कागद आणायला गेला तेव्हा काउंटरच्या पलीकडे सहज हात लांबवला.
कॉम्प्युटरवर नवी पाटी चिकटवलेली होती. कृपया कंप्यूटर को हाथ न लगाएं. खाली तेच मराठीत: कृपया संगणकाला हात लावू नये. इलाइट चौराह्यावर मराठी पाटी मी सव्वीस वर्षांत पाहिली नाही. मधु भैयाकडे मराठी वाचणारं गिऱ्हाईक एकच येतं.
अक्षर इराचं. शुद्धलेखनाची चूक एकही नाही.